पंखांएवढेच सामान



कार्तिकी पौर्णिमा झाली की स्थानक रिकामे वाटायला लागते. चार महिने सकाळचे प्रवचन, दुपारची शिबिरे, मुलांची पाठशाळा, तपस्येच्या याद्या, पारण्यांची गडबड. आणि एका सकाळी महासतीजी ओघा, पात्री, दोन-चार वस्त्रे आणि शास्त्रांच्या पोथ्या घेऊन निघतात. आपण गावाच्या वेशीपर्यंत सोडायला जातो. मांगलिक ऐकतो, परत येतो आणि घराच्या कामाला लागतो.

आमच्या शिरूरहून, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीहून, विहाराच्या तीन वाटा फुटतात. एक रांजणगाववरून पुण्याकडे, एक नगरकडे आणि एक न्हावरे, आंधळगाव, पारगाव, केडगाव अशी चौफुल्याला उतरून दौंडकडे. या तिसऱ्या वाटेवर कुठे आपली चार घरे, कुठे एकच. एखादे किराणा दुकान, मागे राहते घर, माडीवर एक खोली. त्या एका खोलीच्या भरवशावर महासतीजींचा मुक्काम ठरतो. शास्त्राची आज्ञाच अशी आहे की शेषकाळात साधूंनी एका गावी महिनाभर आणि साध्वींनी दोन महिने, त्याहून जास्त राहायचे नाही. ओळख वाढते, ओळखीची माया होते आणि मायेचा परिग्रह. आचार्य आनंदऋषीजी म. सा. आपल्याच भागातले, चिचोंडीचे. १९१३ साली मिरी गावी तेराव्या वर्षी दीक्षा घेतली आणि त्यानंतरचे आयुष्य अशाच मुक्कामांत गेले. एवढ्या वर्षांत किती गावांच्या माडीवरच्या खोल्या झाल्या असतील, कोण मोजणार!

आज मला दुसऱ्याच पाहुण्यांबद्दल लिहायचे आहे. महासतीजी निघतात त्याच दिवसांत हेही आपल्या मुलखात येतात, हिवाळाभर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर मुक्काम हलवत राहतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. त्यांच्यावरून आमच्या महिला मंडळात गेल्या हिवाळ्यात एक वाद झाला. वाद मिटला, पण त्यातून जे समजले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

शिरूरची घोड नदी पुढे भीमेला मिळते. भीमा दौंडला वळसा घालून खाली जाते आणि भिगवणच्या अलीकडे पसरट होऊ लागते. कारण तिकडे सोलापूर जिल्ह्यात उजनीचे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी दौंड, इंदापूर, करमाळ्यापर्यंत मागे चढले. जलाशयाला नाव यशवंतसागर. त्या पाण्याखाली कित्येक गावे गेली. शेते, विहिरी, देवळे, पेठा, सगळे. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी खूप उतरले की बाहेर दिसते, आणि मग लेकी-सुना मुद्दाम बघायला जातात, जशा माहेरच्या घराची चौकट बघायला जाव्यात.

पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो. मग शेतीसाठी आवर्तने सुटतात, पाणी हळूहळू खाली जाते आणि बुडालेल्या जमिनीचे उंचवटे एकेक करून डोके वर काढतात. एखादा जुना बांध, एखाद्या टेकाडाचा माथा, गाळाची पट्टी. ही झाली बेटे. त्यांच्या कडेच्या उथळ चिखलात शेवाळ, किडे, शिंपले, बारीक जीव असतात. तेच पक्ष्यांचे खाणे. पाणी आणखी उतरले की पहिले बेट कोरडे पडते, पुढे दुसरे उघडते आणि थवे तिकडे सरकतात. ज्या वर्षी पाऊस फार होतो आणि पाणी उतरत नाही, त्या वर्षी उथळ जागाच मिळत नाही आणि रोहित पक्षी कमी दिसतात. आपण धरण भरले म्हणून पेढे वाटतो, त्यांना मात्र उतरायला जागा नसते.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. कुणी अग्निपंखही म्हणतात. उंच गुलाबी पाय, वाकडी चोच. मान खाली घालून चोच उलटी करतो आणि पाण्यातून खाणे गाळून घेतो, अगदी आपण पाणी गाळतो तसे. फक्त आपण जीव वाचवायला गाळतो आणि तो पोटासाठी. पिले जन्मतात राखाडी. गुलाबी रंग नंतर खाण्यातून चढतो. कच्छच्या रणात त्यांची घरटी असतात. दुसरा पाहुणा पट्टकदंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. हा तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरपेक्षा उंचावरून उडाल्याची नोंद आहे. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात, जुन्या कथांमधले चकवा-चकवी ते हेच. आणि कुरव, म्हणजे पांढरे सीगल. वाद झाला तो या कुरवांवरून.

त्याआधी एक छोटी गोष्ट सांगते. माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. जानेवारीत ती आणि जावईबापू जहाजातून कॅरिबियन समुद्रात गेले. रोज एक नवे बेट. फोटो यायचे, निळे पाणी, पांढरी वाळू. तिकडे थंड प्रदेशातली पुष्कळ निवृत्त माणसे हिवाळाभर तेच करतात म्हणे, कुणी जहाजाने, कुणी स्वतःच्या शिडाच्या नावेतून, या बेटावरून त्या बेटावर. त्यांना नावच 'स्नोबर्ड' आहे, बर्फाला कंटाळून दक्षिणेला येणारे पक्षी. गंमत अशी की त्या बेटांवरही फ्लेमिंगो आहेत. बोनेर नावाच्या छोट्या बेटावर त्यांची वीण होते आणि बहामा देशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामी, हे तुमच्याकडेही येतात ना?"

सासूबाईंना फोटो दाखवला. त्यांना कौतुक वाटले, पण लगेच म्हणाल्या, "तिला म्हणावं, दिशेची मर्यादा केली आहेस का?" श्रावकाच्या बारा व्रतांतले सहावे, दिशा परिमाण व्रत. वर, खाली आणि चारी दिशांना किती जायचे याची मर्यादा घालून घ्यायची. तरुण मुलींना हे व्रत जुनाट वाटते. पण त्यात जाऊ नको असे म्हटलेले नाही, किती जाणार ते आधी ठरव एवढेच आहे. ठरवलेल्या रेषेच्या पलीकडे जे जीव आहेत त्यांना माझ्याकडून भय राहत नाही. दहावे देशावगासिक व्रत हीच रेषा एका दिवसापुरती आणखी जवळ आणते. मुलीने फोनवर ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामी, रेषा घालते, पण भारत आत राहू द्या." घरात सगळे हसले. सासूबाईंनी मात्र तिला खरेच पचक्खाण दिले.

त्या फोटोंमुळेच मंडळात विषय निघाला की बायांनो, आपण एवढ्या जवळ राहून उजनीचे पक्षी पाहिले नाहीत. सहल ठरली. वीस-बावीस जणी, मुले वेगळी. त्यात आमच्या एका ज्येष्ठ काकीसांचे वर्षीतप सुखरूप चालले होते. त्यांच्या मनात आले, या निमित्ताने पक्ष्यांना खाऊ घालू. व्हिडिओत त्यांनी पाहिले होते की नावेतून शेव उधळली की शेकडो कुरव डोक्याभोवती फिरतात. "दहा किलो शेव माझ्याकडून. जीवदया होईल, मुलेही खूश होतील."

आता काकीसांच्या भावनेत खोट काढायला जागाच नव्हती. पण मला आणि आणखी दोघी-तिघींना ते पटत नव्हते. बोलावे तर तपस्विनीचे मन दुखणार, गप्प बसावे तर डोळ्यांदेखत चुकीचे घडणार. शेवटी सामायिक झाल्यावर सगळ्या बसलो आणि बोललो.

काकीसांचा मुद्दा जोरदार होता. त्या म्हणाल्या, "आपल्या मारवाडात फलोदीजवळ खीचन आहे. तिथे आपलेच लोक कुरजांना दाणे घालतात, त्याचे जगभर नाव झाले. ते पुण्य आणि हे पाप कसे?" खरे आहे. कुरजां म्हणजे करकोचे. मारवाडच्या गाण्यांमध्ये बायका परदेशी गेलेल्या नवऱ्याला त्यांच्याच हाती निरोप पाठवतात. आपल्या आज्या-पणज्या ती गाणी घेऊनच या मुलखात आल्या. खीचनला रतनलाल मालू नावाच्या ओसवाल श्रावकाने कबुतरांना दाणे घालायला सुरुवात केली, तिथे कुरजां येऊ लागल्या आणि गावाने ते काम उचलले. आज हजारो कुरजां येतात. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला.

मग फरक काय? आम्ही तो एकेक करून मांडला. कुरजां मुळात धान्य खाणारा पक्षी आहे आणि खीचनला त्याला धान्यच मिळते. कुरव खातो मासे आणि किडे. तळलेली, मीठ-मसाल्याची शेव हे त्याचे अन्न नाही. खीचनला दाण्यासाठी वेगळी आवार केलेली जागा आहे. दाणे आधी टाकून ठेवतात, पक्षी उतरतात तेव्हा माणूस बाहेर असतो. इथे आपण मोटारीची नाव घेऊन त्यांच्या मुक्कामात शिरतो. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे तिथे भूक पक्ष्याची आहे, इथे हौस आपली. उथळ पाण्यात त्याचे खाणे आहे, तो उपाशी नाही. शेव आपण टाकतो ती फोटोसाठी.

ज्या गोष्टीची गरज नाही, पण गंमत म्हणून जीवांना त्रास होईल असे करायचे, त्याला आपल्याकडे नाव आहे. श्रावकाचे आठवे व्रत अनर्थदंड विरमण. पोटासाठी, घरासाठी जो आरंभ होतो तो अर्थदंड, तो संसारी माणसाला पूर्ण टळत नाही. पण हौसेसाठीचा अनर्थदंड टाळणे आपल्या हातात आहे. आणि सगळ्या दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ, हे सूयगडांगात सांगितले आहे. अन्नदानाला पैसे लागतात. अभयदानाला लागते फक्त अंतर, लांब थांबण्याची तयारी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढे वादळ उठले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्यावर प्रत्येकीचे मत वेगळे असेल. पण मला वाटते, बाहेरच्यांनी प्रश्न विचारण्याआधी आपणच आपल्या जीवदयेला प्रश्न विचारावेत. या जीवाला याची गरज आहे का? त्याने याचे काय होईल? आणि यात माझे समाधान किती, त्याचे हित किती? दयेला विवेक जोडला की ती कमी होत नाही, मुरते.

काकीसा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दहा किलो शेव नाही. त्या पैशांचा पांजरपोळात कडबा द्या. आणि पक्ष्यांसाठी मी वेगळे काही देते. त्या नावेत असेन तोवर माझे मौन." बावीस बायकांच्या नावेत मौन! पण ते पचक्खाण मग सगळ्यांनीच घेतले. जीवदयेचा एवढा कठीण प्रकार आमच्या मंडळाने याआधी केला नव्हता.

जानेवारीतल्या रविवारी पहाटे चारला शिरूर सोडले. न्हावरे-चौफुला रस्त्याने पुणे-सोलापूर महामार्गाला लागलो. पाटस, कुरकुंभ गेले आणि उजाडायच्या सुमारास कुंभारगावला पोचलो. तिथले मासेमारी करणारे भोई बांधवच आता पक्षी दाखवायला नेतात. आम्ही आधीच फोनवर सांगितले होते की मोटारीची नको, वल्ह्याची नाव हवी. पाण्यात जाणे म्हणजे अप्कायाच्या जीवांची विराधना, हे मनात होतेच. साधूंनाही नाइलाजाने नदी ओलांडावी लागली तर नावेत कसे बसावे याचे नियम आचारांगात दिले आहेत. आपण संसारी. निदान यतना तरी ठेवू. परतल्यावर इरियावहियं करायचे ठरले होते, ते केले.

सूर्य वर आला तेव्हा समोरच्या गाळाच्या पट्टीवर पट्टकदंबांचा थवा बसलेला होता. नावाडीदादांनी दुरूनच वल्ही थांबवली. कुणी बोलत नव्हते. त्यामुळे त्यांचे बोलणे ऐकू आले, घरात पाहुणे उठल्यावर माजघरातून येते तसे. दूर रोहितांची गुलाबी रांग माना खाली घालून कामाला लागली होती. थोड्या वेळाने एक दुसरी नाव आली, मोटारीची. शेवेची पाकिटे फुटली, कुरवांचा कल्लोळ झाला, फोटो निघाले. त्या आवाजाने पट्टीवरचे हंस उठले आणि पलीकडच्या बेटावर गेले. हिमालय ओलांडून आलेल्या जीवाला आपण पाकीटभर शेवेसाठी उठवले. आमच्या नावेत कुणीच काही म्हटले नाही. काकीसांनी मुखवस्त्रिका नीट केली आणि डोळे मिटून नवकार म्हणत राहिल्या.

काठावर आल्यावर एका मैत्रिणीच्या मुलीने विचारले, "काकू, हे पक्षी मासे खातात. मग आपण त्यांच्यावर दया का करायची?" प्रश्न बरोबर होता. तिला सांगितले, आपण खेचर पंचेंद्रिय तिर्यंच म्हणतो ते हेच जीव. त्यांना भूक आहे, भय आहे, पण आपल्यासारखी निवड नाही. तिर्यंचांतही चंडकौशिकासारखा एखादा जीव जागा होतो, भगवंतांच्या एका बोधाने हिंसा सोडतो. पण व्रत घ्यायची सोय माणसाला सर्वांत जास्त आहे. म्हणून हिशेब आपण आपला ठेवायचा, त्यांचा नाही. दया समोरच्याच्या लायकीवर ठरत नाही.

तिला पटले की नाही माहीत नाही. पण घरी आल्यावर तिने आईला विचारले, आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते? हे ऐकून मला सहलीचे सार्थक झाले असे वाटले. कारण पुणे, पिंपरी-चिंचवडपासून आपल्या गावांपर्यंतचे सांडपाणी शेवटी भीमेतून त्याच उजनीत साठते. मुक्कामाची जागा स्वच्छ ठेवणे हे यजमानाचे पहिले काम. माहेरच्या दौंडला आमची आई महासतीजी येणार म्हटले की माडीवरची खोली स्वतः पुंजून घ्यायची, गडीमाणसाला सांगायची नाही. कपड्यांना साबण थोडा कमी घालणे, तळणीचे तेल मोरीत न ओतणे, निर्माल्य-प्लास्टिक नदीत न टाकणे हे त्याच जातीचे काम आहे. यात फोटो निघत नाही एवढेच.

उत्तराध्ययनाच्या सहाव्या अध्ययनात साधूला पक्ष्याची उपमा दिली आहे. पक्षी जसा आपले पंख तेवढे घेऊन निघतो, तसे साधूने कणभरही साठा न करता, कशाची अपेक्षा न ठेवता विचरावे. तिथला मूळ प्राकृत शब्द असा आहे की त्याचा अर्थ पंख असाही होतो आणि पात्र असाही. पक्ष्याचे पंख, साधूचे पात्र. दोघांचेही सामान एवढेच. आपल्या एका दिवसाच्या सहलीला डब्यांच्या तीन पिशव्या लागल्या, ते आठवून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. डिसेंबर ते मार्च चांगला काळ. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणून पक्षी पाहून परत येईपर्यंत नवकारसीची वेळ होते, नाश्ता नंतरच होतो. उकळलेले पाणी घरूनच न्या. भिगवणचा परिसर मासळीच्या जेवणासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे हॉटेलवर अवलंबून राहू नका. खाकरे, मेथीच्या पुऱ्या, मुरमुऱ्याचा चिवडा आणि गूळ पुरतो. दुपारी तीनला निघालात तर चौविहारासाठी सूर्यास्ताच्या आत शिरूर गाठता येते. वल्ह्याची नाव आधी सांगून ठेवा. नावाड्याला "जवळ घ्या" म्हणू नका, उलट "लांबूनच चालेल" असे सांगा. त्यांनाही ते आवडते, कारण पक्षी टिकले तर त्यांची रोजीरोटी टिकते. भडक रंगाच्या साड्या नकोत. आणि शेवेची पाकिटे घरीच ठेवा, मुलांना संध्याकाळी उपयोगी पडतील.

या हिवाळ्यात न्हावऱ्याच्या वाटेने साध्वीमंडळ दौंडकडे येण्याची शक्यता आहे. वाटेवरच्या गावांतली आपली काही घरे पुण्याला गेली, माडीवरच्या खोल्यांना कुलपे आहेत. ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत त्यांनी कृपा करून एकदा जाऊन खोली उघडून, झाडून, पुंजून ठेवावी. पाहुणे कोणतेही असोत, उतरायला कोरडी जागा मिळाली पाहिजे.